मदतीला धावून जाणे : अंतर ५ किलोमीटर

मराठीतील ‘धावणे’ आणि ‘पळणे’ ही क्रियापदे शरीरशास्त्राच्या दृष्टीने एकाच हालचालीची नावे आहेत, कारण दोन्हींत माणसाचे दोन्ही पाय क्षणभर जमिनीवरून सुटतात. परंतु नीतिशास्त्राच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मदतीला मनुष्य धावून जातो, पळून जात नाही. अन्याय झालेला न्यायालयात धाव घेतो, पळ काढतो तो अन्याय करणारा. भक्त देवाचा धावा करतो आणि देवही धावतच येतो, वाटेत चहा घेऊन सावकाश आलेला देव आपल्या परंपरेत आढळत नाही. या काटेकोर विभागणीला एक ठळक अपवाद आहे. नवऱ्याच्या मारहाणीला विटून मध्यरात्री मुलाला कडेवर घेऊन घराबाहेर पडलेली स्त्री ही वस्तुतः स्वतःच्याच मदतीला धावून गेलेली असते, परंतु दुसऱ्या दिवशी गल्लीत तिच्याविषयी जे वाक्य बोलले जाते, त्यातले क्रियापद मात्र ‘पळून गेली’ हेच असते.

अशा स्त्रियांसाठी मित्रमैत्रिणींनी चमू करून धावणे हा प्रकार या विषम व्याकरणामुळेच अभ्यासनीय ठरतो. ‘धर्मादाय दौड’ म्हणजे अशी दौड, जिच्यात धावणारा नोंदणी शुल्क भरतो, आप्तेष्टांकडून वर्गणी गोळा करतो, ठरलेल्या रविवारी ठरलेले अंतर कापतो आणि जमलेली रक्कम एखाद्या सेवाभावी संस्थेला देतो. १९८१ साली सुरू झालेल्या लंडन मॅरेथॉनने हा प्रकार जगभर नेला, २००४ पासून मुंबईत होणाऱ्या मॅरेथॉनने तो महाराष्ट्रात रुजवला, आणि तेथून तो गुडघ्यांच्या डॉक्टरांसह सर्व शहरांत पसरला. तर्कशास्त्राला यातला मधला टप्पा उलगडत नाही: पैसे देणारा देण्यास तयार आहे, घेणारी संस्था घेण्यास तयार आहे, मग दोघांच्या मध्ये पाच किलोमीटर कशासाठी? याचे उत्तर नवसाच्या मानसशास्त्रात शोधावे लागते. पायांना कष्ट दिल्याशिवाय पुण्याची पावती फाटत नाही, ही श्रद्धा अनवाणी टेकडीच्या गणपतीला जाणाऱ्या नागपूरकराला नवीन नाही. दौडीने तिच्यात फक्त बुटांची भर घातली आहे, आणि ते बूट बहुधा देणगीपेक्षा महाग असतात.

घरातल्या हिंसेविरुद्ध धावून येण्याचे सर्वांत तपशीलवार नोंदलेले प्रकरण अर्थातच हस्तिनापूरच्या द्यूतसभेतले आहे. आजच्या कायद्याच्या भाषेत मांडायचे तर तेथे पत्नीला पणाला लावणे हा आर्थिक छळ होता, भर सभेत उच्चारलेली दूषणे हा शाब्दिक आणि भावनिक छळ होता, आणि केस धरून फरफटत आणणे हा शारीरिक छळ होता. शिवाय हे सगळे सासरच्या वडीलधाऱ्यांच्या उपस्थितीत घडले, म्हणजे साक्षीदारांची टंचाई नव्हती. विदुराने विरोध केला, विकर्ण नावाच्या धाकट्या दिराने उभे राहून आक्षेप नोंदवला, आणि भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगितले. हेच विधान नागपुरातल्या कोणत्याही गृहनिर्माण संस्थेचा सचिव अधिक सोप्या भाषेत, ‘त्या दोघांचं आपसातलं आहे जी’ अशा शब्दांत करतो. अखेरीस धावा ऐकून जो आला, तो द्वारकेहून, म्हणजे सरळ रेषेत मोजले तरी हजार किलोमीटरहून अधिक अंतरावरून आला असे लोकपरंपरा मानते. आणि धर्मादाय दौडीच्या इतिहासात त्याचे स्थान अनन्य आहे, कारण फुकटचा टी-शर्ट घेण्याऐवजी स्वतः वस्त्रे पुरवणारा तो एकमेव धावपटू होय.

नागपुरात असा चमू बहुधा नोव्हेंबरात जन्माला येतो, आणि त्याचे कारण नैतिक नसून हवामानशास्त्रीय असते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की या शहरातले सर्व सद्हेतू कूलरसमोर विसावतात. पावसाळ्यात ते चिखलात रुततात. आणि पहाटे फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर तोंडातून वाफ निघू लागली की मगच माणसाला समाजाची आठवण होते. चमूची स्थापना-सभा तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर भरते. तर्री म्हणजे हरभऱ्याचा तिखट, तेलाचा तवंग असलेला रस्सा, जो पोह्यांवर ओतला असता पोहे हे केवळ निमित्त उरते. जपानी गार्डनच्या बाजूने दोन फेऱ्या मारून खर्च केलेली ऊर्जा येथे व्याजासह परत मिळवली जात असताना कोणीतरी मनगटावरच्या घड्याळात पावले मोजतो, कोणीतरी मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये धावलेल्या भाच्याचे छायाचित्र दाखवतो, आणि मग ‘आपण काहून नाही धावून राहिलो बे?’ हा मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. नागपुरी बोलीशी अपरिचित वाचकासाठी येथे व्याकरणाची एक टीप आवश्यक आहे: या बोलीत चालू वर्तमानकाळ ‘राहणे’ या सहायक क्रियापदाने सिद्ध होतो, म्हणजे ‘तो धावून राहिला’ याचा अर्थ तो धावून झाल्यावर तेथे मुक्कामाला राहिला असा नसून, तो या क्षणी धावत आहे, क्रिया अजून संपलेली नाही, असा आहे. ‘बे’ या अव्ययाचे भाषांतर होत नाही.

धावायचे ठरल्यानंतर कशासाठी धावायचे हे ठरवावे लागते, कारण निमित्ताशिवाय धावणाऱ्याकडे पाहून नागपुरात लोक त्याच्या मागे कोणता कुत्रा लागला आहे हे आधी पाहतात. वृक्षारोपण मागच्या वर्षी झालेले असते, मधुमेह हा विषय निम्म्या सभासदांना व्यक्तिगत वाटतो, आणि वाघ वाचवण्यासाठी आधीच पुष्कळ लोक धावत आहेत. अशा वेळी चमूतली एखादी वहिनी, जी एरवी केवळ हिशेब आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळते, शांतपणे कौटुंबिक हिंसाचाराचे नाव घेते, आणि ठेल्यावर पुढचे काही क्षण फक्त चमच्यांचा आवाज येतो. दुसऱ्या दिवशी मोबाइलवरच्या गटात ‘पुरुषांवरसुद्धा अन्याय होतो’ असा संदेश पडतो. हा संदेश निराधार नसतो, परंतु तो नेमका वर्गणीची रक्कम जाहीर झाल्यानंतर दहा मिनिटांत पडतो, हेही निरीक्षणास पात्र आहे. वहिनी त्यावर अंगठ्याचे चिन्ह टाकते आणि ‘तुमचे ७०० बाकी आहेत’ असे लिहिते.

यानंतरचे तीन आठवडे टी-शर्टच्या रंगावर जातात. अमेरिकेत ऑक्टोबर हा कौटुंबिक हिंसाचाराविषयी जागृतीचा महिना मानला जातो आणि त्याचे चिन्ह जांभळी फीत आहे. या जांभळ्याला सीताबर्डीच्या बाजारात ‘वांगी’ म्हणतात, आणि वांगी रंगात दुकानदाराकडे एकतर लहान मुलांचे माप असते किंवा ज्याला कितीही धावले तरी उपयोग नाही अशा गृहस्थाचे. दुसरा पक्ष संयुक्त राष्ट्रांचा आधार घेतो. डोमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशहा त्रुहियोच्या राजवटीने २५ नोव्हेंबर १९६० रोजी मिराबाल घराण्यातल्या तीन बहिणींची हत्या घडवली. त्यांच्या स्मरणार्थ संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९९ साली हा दिवस स्त्रियांवरील हिंसाचाराच्या निर्मूलनाचा दिवस म्हणून जाहीर केला, तेथपासून १० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनापर्यंतचे सोळा दिवस जगभर पाळले जातात, आणि या मोहिमेचा रंग संत्र्याचा आहे. नेमक्या याच दिवसांत कळमन्याच्या बाजारात आंबिया बहराच्या संत्र्यांचे ढीग लागलेले असतात. संयुक्त राष्ट्रांनी नागपूरला न विचारता नागपूरचा रंग घेतला, ही गोष्ट चमूला प्रथम अभिमानाची आणि नंतर अडचणीची वाटते, कारण संत्री रंग छपाईत किंचित गडद झाला की त्याचा अर्थ बदलतो, आणि नागपूरसारख्या शहरात हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा राहत नाही. अखेर वांगी रंग बहुमताने मंजूर होतो, कारण त्यावर तर्रीचे डाग दिसत नाहीत.

छातीवर काय छापायचे यावर मात्र फारशी चर्चा होत नाही, आणि ती न होणे अधिक बोलके असते. ‘कौटुंबिक हिंसाचार’ हे दोन शब्द छातीवर घेऊन सासरच्या गल्लीतून धावायचे कसे, या शंकेने मजकूर हळूहळू मवाळ होत जातो: प्रथम ‘मारहाण थांबवा’, मग ‘स्त्रीचा सन्मान’, मग ‘नारीशक्ती’, आणि शेवटी एक इंग्रजी वाक्य, ज्याच्या खाली टी-शर्ट छापून देणाऱ्याचा मोबाइल क्रमांक वाक्यापेक्षा मोठ्या अक्षरांत असतो.

डिसेंबरातल्या दौडीला नागपुरात एक प्रतिस्पर्धी आहे, तो म्हणजे मोर्चा. १९५३ च्या नागपूर कराराच्या अनुषंगाने विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी या शहरात भरते; ते बहुधा डिसेंबरातच येते, आणि त्यासोबत राज्याच्या कानाकोपऱ्यातून मोर्चे येतात. यशवंत स्टेडियमवरून निघालेला मोर्चा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर किंवा टेकडी रोडवर कठड्यांपाशी अडवला जातो. समाजशास्त्रज्ञाने मोर्चा आणि धर्मादाय दौड यांची तुलना अवश्य करावी. दोन्हींत माणसे एकरंगी कपड्यांत रस्त्याने जातात, दोन्हींना पोलिसांची परवानगी लागते, दोन्हींत पाण्याची सोय अपुरी असते. परंतु मोर्चेकरी सरकारकडे पैसे मागतो आणि धावणारा रस्त्यावर उतरण्यासाठी पैसे भरतो, मोर्चा मध्येच अडवला जातो आणि दौड जेथून सुटली तेथेच परत येते. मोर्च्यातून आलेल्या अंगणवाडी सेविका, ज्या गावोगावी कोणत्या घरात काय चालते हे इतर कोणापेक्षाही जास्त जाणतात, आणि सकाळी वांगी टी-शर्ट घालून धावलेला चमू, हे दोघे एकाच दिवशी एकाच चौकात आले तरी परस्परांना ओळखत नाहीत. चमूला वाहतूक अडल्याचा राग येतो.

तसे पाहता सामाजिक दोषाची मिरवणूक काढण्यात नागपूरला लंडनचे किंवा मुंबईचे शिष्यत्व पत्करण्याचे कारण नव्हते. १८८० च्या दशकापासून येथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे निघतात, म्हणजे त्या वर्षीच्या अनिष्ट गोष्टींचे पुतळे, ज्यांच्यावर महागाईपासून हुंड्यापर्यंत काहीही लिहिलेले असते. आणि ‘घेऊन जा गे मारबत’ असे ओरडत लोक सगळी इडापिडा शहराबाहेर नेऊन जाळतात. काळ्या मारबतीचा संबंध भोसले घराण्यातल्या बाकाबाईच्या इंग्रजधार्जिणेपणाशी जोडला जातो, म्हणजे शतकाहून अधिक काळ शहराबाहेर घालवायची पीडा येथे स्त्रीरूपात घडवली गेली, हा तपशील दौडीच्या विषयाशी अगदीच असंबद्ध नाही. असो. जाळलेली पीडा पुढच्या वर्षापर्यंत परत येते आणि नवा बडगा करावा लागतो, या बाबतीत मारबत आणि वार्षिक दौड यांचा अनुभव सारखाच आहे.

हिशेबाकडे वळणे आता टाळता येत नाही. समजा, चमूत बारा जण आहेत आणि प्रत्येकाने ७०० रुपये काढले, तर ८,४०० रुपये जमतात. टी-शर्टचे प्रत्येकी ३५० प्रमाणे ४,२०० जातात, फलक, पाणी आणि ‘किरकोळ’ या प्राचीन शीर्षाखाली आणखी काही जातात, आणि मावशी-काकांकडून आलेली वर्गणी धरून शेवटी संस्थेच्या हाती ५,१०१ रुपये पडतात. यातला शेवटचा एक रुपया शकुनाचा असतो, कारण मराठी माणूस शून्यावर संपणारी रक्कम शुभकार्यात देत नाही. ही रक्कम पाहून हसणे सोपे आहे, परंतु ते अर्धवट ज्ञानाचे हसणे ठरेल. घर सोडलेल्या स्त्रीला पहिल्या आठवड्यात जे लागते ते भव्य नसते: कागदपत्रांच्या झेरॉक्स, मुलाचे औषध, मोबाइलचे रिचार्ज, माहेरच्या गावापर्यंतचे एसटीचे तिकीट, जे मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्म्या दरात मिळते. पाच हजारांत अशा बऱ्याच पहिल्या आठवड्यांची सोय होते. गडबड एवढीच आहे की संस्थेने पाठवलेली पावती चमूतला प्रत्येक जण आधी आयकरातल्या, देणगीवर मिळणाऱ्या करसवलतीच्या दृष्टीने वाचतो, आणि ४२५ रुपयांवर किती कर वाचतो हे सनदी लेखापाल असलेल्या मित्राला फुकट विचारतो.

ज्या विषयासाठी धावायचे त्याचा कायदाही, योगायोगाने, अंतरे आणि वेळा यांच्याच भाषेत लिहिलेला आहे. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेली क्रूरता हा १९८३ पासून दंडसंहितेत स्वतंत्र गुन्हा होता, तो आता भारतीय न्याय संहितेच्या ८५ व्या कलमात आहे. परंतु तुरुंगापेक्षा छप्पर, खर्च आणि मुलांचा ताबा यांची निकड असलेल्या स्त्रीसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा अधिनियम झाला आणि तो २६ ऑक्टोबर २००६ रोजी लागू झाला. या कायद्याने ‘संरक्षण अधिकारी’ नावाचे पद निर्माण केले, ज्याने घटनेचा अहवाल तयार करून दंडाधिकाऱ्यापुढे ठेवायचा असतो. ‘सामायिक घर’ ही संकल्पना आणली, म्हणजे घर कोणाच्याही नावावर असो, तेथे नांदलेल्या स्त्रीला राहण्याचा हक्क दिला. आणि अर्जाची पहिली तारीख सर्वसाधारणपणे तीन दिवसांत, तर निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असे लिहून ठेवले. धावण्याच्या परिभाषेत साठ दिवस ही अंतिम वेळमर्यादा झाली, जी ओलांडल्यावर स्पर्धकाला गाडीत बसवून परत आणतात. न्यायालयात अशी गाडी नाही, म्हणून ही मर्यादा वाचून अनुभवी वकील केवळ मंद हसतो.

तथापि या अधिनियमातले सर्वांत दुर्लक्षित कलम चौथे आहे. त्यानुसार हिंसाचार घडला आहे, घडत आहे किंवा घडण्याचा संभव आहे असे मानण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला तशी माहिती देऊ शकते, आणि सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर कोणतेही दिवाणी किंवा फौजदारी दायित्व येत नाही. कोणतीही व्यक्ती म्हणजे शेजारी, दूधवाला, मोलकरीण, खालच्या मजल्यावरचा निवृत्त बँक अधिकारी. नागपूर पोलिसांनी २०१७ साली ‘भरोसा सेल’ सुरू करून समुपदेशन, कायदेशीर सल्ला आणि वैद्यकीय मदत एका छताखाली आणली. महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. पाच किलोमीटर धावण्यासाठी सामान्य माणसाला सहा हजारांच्या आसपास पावले टाकावी लागतात, हे क्रमांक फिरवण्यास तीन आकडे लागतात, आणि तरीही चमूतल्या बहुतेकांना पावलांची संख्या तोंडपाठ असते. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा झाल्याचे सांगितले. ही सरासरी आहे, आणि सरासरीला टी-शर्टचा रंग कळत नाही. बारा जणांच्या चमूमागे जितकी घरे असतील तितक्यांत ती आपली मोजणी करतच असते, ही शंका चमूतल्या कोणालाच येत नाही, किंवा ज्याला येते तो त्या रविवारी फार वेगाने धावतो.

अंतरांच्या इतिहासात १९२१ हे साल महत्त्वाचे आहे. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे विचित्र अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसर राजवाड्यापासून सुरू करण्याच्या सोयीतून आले आणि १९२१ साली जागतिक संघटनेने ते कायम केले. त्याच १९२१ साली नागपुरात कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी मातृसेवा संघाची स्थापना केली. कमलाताई बालविधवा होत्या, परिचारिकेचे शिक्षण त्यांनी स्वतःच्या हिमतीवर घेतले होते, आणि ज्या काळात बाळंतीण घराच्या सर्वांत अंधाऱ्या खोलीत टाकली जाई त्या काळात त्यांनी तिच्यासाठी उजेड असलेली जागा उभी केली. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, म्हणजे स्थापनेनंतर चाळीस वर्षांनी. धावपटूला पदक शर्यत संपताच गळ्यात मिळते, या प्रगतीची नोंद घेतली पाहिजे.

आणि खऱ्या धर्मादाय दौडीचे मराठी उदाहरण द्यायचे तर ते चमूचे नसून एकटीचे आहे. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लता भगवान करे या साठी ओलांडलेल्या शेतमजूर स्त्रीने नवऱ्याच्या एमआरआय तपासणीचे पैसे उभे करण्यासाठी बारामतीतल्या ज्येष्ठांच्या शर्यतीत नऊवारी लुगड्यात, अनवाणी धाव घेतली, ती शर्यत जिंकली आणि बक्षिसाच्या पाच हजार रुपयांनी तपासणीची सोय केली. २०२० साली त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. या दौडीत नोंदणी, निधिसंकलन, लाभार्थी आणि धावपटू हे सर्व विभाग एकाच घरात होते, आणि ‘किरकोळ’ हे शीर्ष नव्हते. घर टिकवण्यासाठी धावलेल्या स्त्रीचे कौतुक करताना समाजाची जीभ अडखळत नाही, हे मात्र लक्षात राहते. घर सोडण्यासाठी धावलेलीवर चित्रपट काढायचा तर निर्माता शेवट बदलायला सांगतो.

दौडीच्या दिवसाचे वर्णन थोडक्यात पुरे, कारण दौड स्वतः थोडक्यातच आटोपते. प्रारंभापूर्वी चमू शून्य मैलाच्या दगडापाशी, म्हणजे वालुकाश्माचा स्तंभ आणि चार घोडे असलेल्या त्या प्रसिद्ध जागी, छायाचित्र काढतो. देशातली अंतरे येथून मोजली जातात अशी नागपूरकराची पक्की समजूत असल्यामुळे येथे उभे राहिले की कोणतेही अंतर आपलेच वाटते. छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदाला ‘बिब’ म्हणतात, आणि त्यात बसवलेली इवलीशी चिप वेळ नोंदवते. वेग राखून इतरांना सोबत नेणाऱ्याला ‘पेसर’ म्हणतात, आणि चमूचा पेसर पहिल्या किलोमीटरनंतर दिसेनासा होतो. आदल्या रात्री शक्तीसाठी म्हणून सावजी रस्सा ओरपलेल्या सभासदाचा वेग तिसऱ्या किलोमीटरला अचानक वाढतो, पण त्याची दिशा बदललेली असते. सर्वांत शेवटी वहिनी येते, चालत, मागे राहिलेल्या दोघींना सोबत घेऊन, आणि तिच्या पिशवीत सर्वांच्या चाव्या असतात.

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण मराठीत सरड्याच्या निंदेसाठी वापरली जाते. वास्तविक शेजाऱ्यांच्या तुलनेत सरडा निदान कुंपणापर्यंत तरी जातो. मध्यमवर्गीय वस्तीत वरच्या मजल्यावरून भांडी पडल्याचा, मग माणूस पडल्याचा आवाज आला की खालच्या मजल्यावर दूरचित्रवाणीचा आवाज वाढतो आणि कोणीतरी म्हणते, ‘तो वरचा बायकोला मारून राहिला.’ वर सांगितलेला व्याकरणाचा नियम येथे आठवावा: हा चालू वर्तमानकाळ आहे, क्रिया संपलेली नाही, वाक्य उच्चारले जात असतानाही ती घडत आहे. अशा क्षणी काय करावे याचा एक साधा उपाय ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने २००८ मध्ये ‘बेल बजाओ’ या मोहिमेतून सुचवला होता. तिच्या जाहिरातींत मारहाणीचा आवाज ऐकून कोणी जाते, दाराची घंटी वाजवते आणि दूध किंवा चेंडू यांसारखी क्षुल्लक वस्तू मागते. घरातल्याला कळते की बाहेर ऐकू जाते आहे, आणि हात थांबतो.

मराठी वस्तीत दूध मागण्यापेक्षा विरजण मागणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल. विरजण चमचाभरच लागते, ते प्रत्येक घरात असते, विकत आणणे कमीपणाचे मानले जाते, आणि मुख्य म्हणजे ते रात्री निजण्यापूर्वीच लागते. त्यामुळे अकरा वाजता विरजण मागायला आलेल्याला ‘ही काय वेळ आहे?’ असे विचारण्याची सोय राहत नाही. दौड आटोपल्यावर सुप्रभाताच्या फुलांपुरता उरलेला चमूचा गट वहिनीने एका कामासाठी जिवंत ठेवला, आणि ‘विरजण’ हा शब्द त्यात एकाच अर्थाने वापरायचा ठरवला, तर पुढचे दृश्य कल्पनेबाहेरचे नाही. रात्री अकराला गटात विचारणा पडते, चार दारे उघडतात, लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद असते, अठ्ठावीस मिनिटांत पाच किलोमीटर कापल्याचे पदक मिळवणारा तिसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभा राहतो, आणि त्याचे घड्याळ त्याला विश्रांतीचा सल्ला देते. घंटी वाजते. आतला आवाज थांबतो. दार बोटभर उघडून गृहस्थ विचारतो, ‘काय जी?’

‘विरजण आहे काय, भाऊ?’ वहिनी त्याच्या खांद्यावरून आत पाहत विचारते.

‘संपलं.’

‘मग ताईलाच विचारून पाहा ना जी. घाई नाही,’ असे म्हणून ती पायरीवर टेकते, तिच्याशेजारी वांगी टी-शर्टातला तो धापा टाकत बसतो, आणि मागचे दोघेही जागा करून घेतात. ‘आम्ही इथंच बसून राहिलो.’